पट्ट्याचा चार्जर

दापोरा,
वैशाख

प्रिय निशा,

सुनेला पत्र लिहायचं तर वर ‘चि. सौ.’ आणि खाली ‘अनेक आशीर्वाद’, असं मला रावेरच्या शाळेत शिकवलं होतं. तसं लिहून बघितलं, तर ते कुणाच्या तरी लग्नपत्रिकेसारखं दिसायला लागलं. फाडलं. म्हणून प्रिय. तू माझा फोन उचलत नाहीस याचा मला राग नाही. तुझ्या जागी मी असते तर फोन विहिरीत टाकला असता. शिवाय माझा फोन हल्ली माझ्याकडे नसतोच, तुझ्या मोठ्या सासूबाईंकडे असतो. माझ्या जाऊबाई ताराबाई सकाळी शेजारच्या दारातून येतात, माझ्या उशाशी बसतात आणि माझ्याच फोनवरून माझ्या माहेरच्यांना माझी तब्येत सांगतात. मी पडल्या पडल्या ऐकते, तेव्हा मलाही बऱ्याच नव्या गोष्टी कळतात. पत्र मात्र त्यांच्या हाती लागलं तरी काळजी नाही. वाचायला त्यांना चष्मा लागतो आणि तो त्या कुणासमोर घालत नाहीत.

आधी तक्रार करून घेते. जाताना तू पट्ट्याचा चार्जर घेऊन गेलीस. मुद्दाम नाही, ते मला माहीत आहे. चिऊची बाटली, तिचे दोन फ्रॉक, तुझी शाळेची पर्स असं सगळं एका पिशवीत कोंबून तू निघाली असशील, त्यात ती छोटी काळी वायरही गेली असणार. मला इंदूरहून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टा बंद पडला. मनगटावर नुसता काळा ठिपका. तुझे सासरे बुऱ्हाणपूरला जाऊन दुकानं पालथी घालून आले. एक दुकानदार म्हणाला, “काका, इसका चार्जर अलग आता है, उससे अच्छा नया बँडच घेऊन टाका ना.” हे खरंच नवा घेऊन आले, डब्यासकट. मी तो घातला नाही. डबा फळीवर पडून आहे, कुणाला द्यायचा असेल तर देऊन टाकू.

आठवतं का, तू तो घेऊन आलीस तो दिवस? गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर गुडघे बदलावे लागतील. मी घरी येऊन म्हटलं, गुडघे बदलायचे तर बदला, सोबत नवराही बदलून द्या. सगळे हसले, तू हसली नाहीस. आठवड्याभरात पार्सल आलं. मी म्हटलं, म्हशीला दावं, कुत्र्याला पट्टा, आता सासूलाही गळ्यात बांध काहीतरी. तू म्हणालीस, “गळ्यात नाही आई, हातात.” आणि माझ्या हिरव्या बांगड्या वर सरकवून तो बांधलास. तेव्हापासून त्याचं नाव पट्टाच पडलं. पहिल्याच दिवशी मी सणाच्या पोळ्या लाटल्या आणि संध्याकाळी तुझ्या फोनवर पावलांचा आकडा असा काही दिसला की तुला वाटलं, सासू बहादरपूरला पायी जाऊन आली. मग तू शोधून काढलंस की मशीन हाताचं हलणं मोजतं, आणि पट्टा डाव्या हातात घातलास. मी दोन दिवस गाल फुगवून होते. इतक्या पोळ्या लाटल्या, त्या काय फुकट गेल्या?

आता एक गोष्ट सांगते, ती तुला कधी सांगितली नाही. आपल्याकडे बाई रस्त्यानं निघाली की तिच्या हातात काहीतरी असतं. जेवणाचा डबा, विळा, कुणाचं तरी पोर, गेलाबाजार देवळातला नारळ तरी. रिकाम्या हातानं बाई निघाली की ओट्या-ओट्यावरून विचारतात, “कुठे चालली व काकू?” आणि ‘कुठेच नाही’ असं उत्तर आपल्या गावात चालत नाही. तापीकडच्या बागेत मी लग्न झाल्यापासून जाते, पण दर वेळी कुणाची तरी भाकर घेऊन गेले आणि गवताचा भारा घेऊन आले. तुझा पट्टा बांधून पहिल्यांदा निघाले तेव्हा हात कुठे ठेवावेत तेच कळेना. कुणी विचारलं की नुसतं मनगट वर करून दाखवायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. मग कुणी काही बोलायचं नाही. त्या वाटेवर डाव्या हाताला एक रामफळाचं झाड आहे, निशा. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. केळीच्या बागेत दोन ओळींमधून चालायला लागलं की उन्हाळ्यातही गार वाटतं, पानं डोक्याला लागतात, ठिबकच्या नळीतून पाण्याचा बारीक आवाज येत असतो. मी तिथे मोठ्यानं बोलायची. कुणाशी म्हणशील, तर कुणाशी नाही. ठरलेली पावलं पूर्ण झाली की पट्टा थरथरायचा आणि त्याच्यावर फुलबाज्या उडायच्या. मला आयुष्यात कुणी, आज तू छान केलंस, असं रोजच्या रोज सांगितलेलं नाही. तो सांगायचा. मी लहान मुलीसारखी खूश व्हायची आणि घरी येताना चेहरा मुद्दाम कंटाळलेला करून यायची.

वजन मात्र मी तुझ्या त्या काचेच्या काट्यावर करत नव्हते, हे तुला ठाऊक आहे. काचेवर पाय द्यायची भीती वाटायची. आपल्या बागेत कटाई असली की व्यापाऱ्याचा मोठा काटा यायचा. घड तोलून झाले की शेवटी मी चढायची. तोलणारा लोटू घडांचं वजन जसं ओरडून सांगतो तसं माझंही सांगायचा. पहिल्या वेळी म्हणाला, “काकू, दांडा वजा करू का?” घडाच्या दांड्याचं वजन कापतात ना, तसं. सगळे मजूर हसले, तुझे सासरे सगळ्यात जास्त. पुढच्या कटाईला मी थोडी उतरले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. घडांचं वजन घटलं की ह्यांचं तोंड उतरतं, जेवणावरून उठतात. माझं घटलं की सगळ्या मजुरांना चहा. पावसाळ्यानंतरच्या कटाईला लोटूनं काटा दोनदा झटकून बघितला आणि म्हणाला, “काकू, बहुत घट गया. काही खाता की नाही?” ह्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जिलबी आणायला गाडी पाठवली.

मला ते आवडत होतं, हे खरं खरं लिहिते. सिंधीपुऱ्यातल्या शिंप्याकडे मी माझे ब्लाउज आत घ्यायला घेऊन गेले, मग पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, आता आत कापडच इतकं झालंय की टोचेल, नवीन शिवा. मी लग्नातलं ब्लाउज काढलं, अंगात गेलं. आरशासमोर उभी राहिले तर माझ्या आईसारखी दिसत होते. बायका विचारायला यायच्या, काय खाता, किती चालता, तो पट्टा कुठे मिळतो. ताराबाईंनीही त्यांच्या मुलीला, छायाला, सांगून एक मागवला. तो त्यांनी चार दिवस घातला आणि म्हणाल्या, “माझ्याच्यानं नाही व माय, मला काय सिनेमात काम करायचंय?” आम्ही दोघी किती हसलो होतो, तू चिऊला मांडीवर घेऊन, मी शेंगा फोडत. ते वर्ष चांगलं होतं, निशा. लोक आता काहीही म्हणोत, ते वर्ष माझ्या हातून कुणी काढून घेऊ शकत नाही.

दिवाळीत तू पहिल्यांदा बोललीस. लक्ष्मीपूजन झालं होतं, सगळे जेवायला बसलो होतो. तू ताटावरून उठून फोन घेऊन आलीस आणि म्हणालीस, “आई, तुमचं चालणं दसऱ्यापासून निम्म्यावर आलंय. तरी वजन आधीपेक्षा भरभर उतरतंय. हे उलटं आहे. आपण एकदा डॉक्टरकडे जाऊ.” इतकं साधं बोलणं. चालणं कमी झालं होतं हे खरंच होतं. मला दम लागायचा, पाठीत मागून कळ यायची, जेवण समोर आलं की नको वाटायचं. मी म्हणायची, पोट लहान झालं असेल. तुझे सासरे म्हणाले, आता बारीक झाली तरी डॉक्टर, जाडी होती तरी डॉक्टर. माझा योगेंद्र म्हणाला, “अरे यार निशा, तुझं पण ना, कुछ भी.” आणि ताराबाई जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. चिऊच्या बाळंतपणानंतर तुझं अंग सुटलं, ते परत बसलं नाही, आणि सासूचं बसलं म्हणून सुनेला बघवत नाही, असं काहीतरी. तू फोन बाजूला ठेवलास. पण त्यानंतर तू दर आठवड्याला एकदा तरी विषय काढायचीस, कधी भाजी निवडताना, कधी माझ्या केसांना तेल लावताना, हळूच. एकदा तर तू डॉक्टरांची वेळ घेऊन, शाळेत अर्धी सुट्टी टाकून दारात रिक्षा उभी केलीस. मी म्हटलं, आज एकादशी आहे, उद्या जाऊ. मग उद्या काहीतरी निघालं.

मग माघात छायाचं लग्न आलं. हळदीच्या दिवशी मांडवात सगळ्याच बायका पिवळ्या होत्या. एकमेकींच्या गालाला, हाताला, गळ्याला हळद. सगळ्या मला म्हणत होत्या, काय रंग उजळलाय, बारीक झालीस तशी गोरी पण झालीस. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी अंघोळी केल्या आणि सगळ्यांची हळद उतरली, माझी उतरली नाही. मी आणखी साबण लावला. अंगाला खाज सुटली होती, ती मला केळीच्या चिकाची वाटली. तू चौथ्या दिवशी मला खिडकीशी नेऊन उजेडात डोळ्याची पापणी खाली ओढलीस, डोळा पिवळाधमक होता. त्या दिवशी तू कुणाला विचारलं नाहीस. सरळ गाडी काढायला लावलीस. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली, बराच वेळ त्याच जागी मशीन फिरवत राहिले, आणि इंदूरची चिठ्ठी दिली.

इंदूरच्या दवाखान्याच्या त्या लांब बोळात मी स्ट्रेचरवर होते. डोळे मिटलेले होते, झोपलेली नव्हते. लोकांना वाटतं डोळे मिटले की कानही मिटतात. ताराबाई म्हणाल्या, “त्या पट्ट्यानंच खाल्लं तिला. उपाशी ठेवून पळवली, पळवली.” ते मी सोडून दिलं असतं, त्यांचं तोंड तसंच आहे. पण मग योगेंद्रचा आवाज आला. माझ्याच पोटचा मुलगा. तुला म्हणाला, “तूच पळवलं ना आईला वर्षभर? रोज फोनवर बघत होती ना? अब देख ले.” मी वाट बघत राहिले की तू उत्तर देशील. दिवाळीचं काढशील, रिक्षा दारातून परत गेली ते काढशील. चार लोकांत त्याला उभं करशील. तू काहीच बोलली नाहीस. माझ्या पायावरची चादर सरकली होती ती तू नीट केलीस, आणि माझी टाच हातात धरून तशीच उभी राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नव्हतीस. नर्सनं सांगितलं, बहू बच्ची को लेके मायके गई. तू गप्प का राहिलीस याचा मला अजून राग येतो. आणि बोलली असतीस तर मी त्या स्ट्रेचरवरच फुटले असते, हेही खरं आहे.

तू गेल्यानंतरचं तुला कुणी सांगितलं नसेल. पोटात नळी टाकली, त्यानं पिवळेपणा उतरला. मग मोठे डॉक्टर आले. स्वादुपिंडाला गाठ आहे, तिथून यकृतात गेलीय, ऑपरेशन होणार नाही, हे त्यांनी ह्यांना आणि योगेंद्रला बाहेर नेऊन सांगायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, इथेच बोला, पोट माझं आहे. त्यांनी सांगितलं. भला माणूस होता, खुर्ची ओढून बसून बोलला. मग मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, “डॉक्टर साहेब, मैं साल भर बहुत चली. उससे हुआ क्या?” ते म्हणाले, “नहीं माताजी. चलने से ये नहीं होता. चलीं इसलिए शायद इतने दिन ताकत रही.” आणि मग कागद बघत म्हणाले, “पर वजन तो महीनों से गिर रहा था. घर में किसी ने टोका नहीं?” मी म्हटलं, “टोका था. मेरी बहू ने टोका था. दिवाली से टोक रही थी.” योगेंद्र भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बसला, तिथेच फरशीवर, आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं. मी डॉक्टरांना पुढचंही विचारलं, दिवाळीत आले असते तर? त्यांनी माझा हात थोपटला आणि ‘कह नहीं सकते’ म्हणाले. हा आजार लपूनच येतो म्हणे. त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नाही आणि तूही ते शोधत बसू नकोस. शोधत असशील, मला माहीत आहे. तुझा तो स्वभावच आहे.

घरी आल्यावर तुझे सासरे पाच-सहा दिवस माझ्या खाटेशी टेकले नाहीत. बागेत जायचे आणि यायचे. एक दिवस दुपारी माझ्या खाटेशी बसले आणि म्हणाले, “बागेत केळीचा एक खांब वाळला असता ना, तर मी त्याच दिवशी उभा चिरून पाहिलं असतं, आत काय कुजलं. तू माझ्यासमोर वाळत होती, अन् मी लोकांना जिलबी खाऊ घातली.” इतका मोठा माणूस, हुंदके देऊन रडला. मी त्यांना रडू दिलं. योगेंद्र मात्र रडतही नाही आणि बोलतही नाही. माझं सगळं करतो, औषधं, अंघोळीचं पाणी, उलटीचं भांडंसुद्धा. फोन काढून तुझं नाव बघतो आणि परत खिशात ठेवतो. मी म्हटलं, जा ना घ्यायला. तर म्हणतो, “कौनसे मुँह से जाऊं, आई?” त्याला माफ कर असं मी तुला म्हणणार नाही. त्यानं जे केलं ते मी ऐकलंय. ते तुमचं दोघांचं आहे, मी असताना किंवा नसताना, तुमचं तुम्ही बघा. आई म्हणून माझा जीव त्याच्यासाठी तुटतो, पण त्यासाठी मी तुझ्या पदरात त्याला टाकणार नाही.

माझं म्हणशील तर वाईट आहे. खोटं कशाला सांगू. दोन घास गेले तर गेले. दुखतं तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसते. तुझी शाळेतली मुलं परीक्षेला बसली असतील. चिऊ तिकडे आजोबांकडे रुळली असेल. भगवानराव मिलमधून निवृत्त झाल्यापासून घरीच असतात, तिला खेळवत असतील. कॉलनीत तिला इथल्यासारखी केळी मिळत नसतील, चांगलंच आहे, सर्दी व्हायची सारखी. मरायची भीती वाटते, निशा. दिवसा कमी वाटते. कुणाला सांगितलं तर ते देवाचं नाव घ्यायला सांगतात, म्हणून सांगत नाही. तुला सांगितलं असतं.

आता हे पत्र कशाला, ते. परवा ताराबाई माझ्या खाटेशेजारी बसून आलेल्या बायकांना सांगत होत्या की आमच्या धुरपदीचं बरंवाईट झालं तर त्या निशाला अंगाला हात लावू द्यायचा नाही, दिवस संपल्यावर गंधमुक्तीला पाहुण्यासारखी येईल आणि जाईल. माझे डोळे पुन्हा मिटलेले होते. संध्याकाळी मी सगळ्यांना खोलीत बोलावलं, ह्यांना, योगेंद्रला, ताराबाईंना, आणि उशीला टेकून बसून सांगितलं. आपल्यात बाई गेली की शेवटची अंघोळ सुना घालतात. माझी सून एकच आहे. ती घालेल. ती आली नाही तर मला तसंच न्या, दुसऱ्या कुणाचं पाणी माझ्या अंगावर पडणार नाही. ताराबाई उठून गेल्या. माझा हिरवा चुडा माझ्याबरोबर जाऊ दे, पट्टा मात्र तू काढायचा, पुसायचा आणि आपल्या डाव्या हातात घालायचा. त्याच्यावर कुणी काही बोललं तर मनगट वर करायचं आणि चालायला लागायचं, रामफळाच्या झाडापर्यंत तरी. पण मी जायची वाट बघत थांबू नकोस. हे पत्र तुझे सासरे घेऊन आलेत. सुनेला घ्यायला नवरा जातो, दीर जातो, सासरा कधी जात नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे आणि तरी आलेत. फाटकाबाहेर गाडीत बसले असतील, आत यायला लाजत असतील. त्यांना चहा दे. तू नाही म्हणालीस तर ते एक शब्द न बोलता परत येतील, तसं मी बजावून सांगितलंय. मी अजून चालते, निशा. खाटेपासून दारापर्यंत, भिंत धरून, सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. तुझ्या फोनवर इतके दिवस शून्य दिसत असेल, आणि ते बघून तुला वाटत असेल की आई थांबली. थांबलेली नाही. चार्जर घेऊन ये.

तुझीच,
आई